जठराला बँड बसवल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कशा घ्यायच्या

वजन कमी करण्यासाठी जठराला बँड बसवून घेतला की खाण्यापिण्याच्या सूचनांचा ढीग हातात पडतो. किती खायचं, किती वेळ चावायचं, पाणी कधी प्यायचं, सगळं कागदावर लिहून मिळतं. गोळ्यांबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच ओळ असते: ‘गोळ्या बारीक करून घ्या.’ ही ओळ काही गोळ्यांच्या बाबतीत अगदी बरोबर आहे, काहींच्या बाबतीत तिची गरजच नाही, आणि काहींच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. कोणती गोळी कुठल्या गटात बसते हे कसं ठरवायचं, ते इथे सविस्तर पाहू.

बँडमुळे काय बदलतं

बँड म्हणजे सिलिकॉनचा पट्टा. अन्ननलिका संपते तिथून जरा खाली, जठराच्या वरच्या टोकाभोवती तो गोल बसवतात. त्यामुळे वर साधारण १५ ते ३० मिली मावेल एवढी छोटी पिशवी तयार होते, खाली बाकीचं जठर राहतं, आणि दोन्हींच्या मध्ये एक अरुंद वाट. वाळूच्या घड्याळाचा आकार डोळ्यांसमोर आणा. पट्ट्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो. पोटाच्या कातडीखाली ठेवलेल्या पोर्टमधून (फुग्याला नळीने जोडलेली छोटी डबी) सुईने सलाइन भरलं की ही वाट आवळते, काढून घेतलं की सैल होते.

या ऑपरेशनमध्ये आतड्याला हात लागत नाही. बहुतेक औषधं लहान आतड्यात शोषली जातात आणि ते तुमच्याकडे पूर्वीइतकंच शाबूत आहे. म्हणजे निव्वळ बँड बसवला म्हणून एखाद्या औषधाचा डोस वाढवावा लागत नाही. वजनासाठी जठराचा बायपास झालेल्यांचं गणित वेगळं असतं. त्यांच्या आतड्याचा काही भाग वळसा घालून टाळलेला असतो, त्यामुळे शोषणच बदलतं. ओळखीत कुणाचा बायपास झाला असेल तर त्यांचा अनुभव जरूर ऐका, पण गोळ्यांबद्दलचा त्यांचा सल्ला स्वतःला लावू नका.

तुमची अडचण वाटेची आहे, आणि ती दोन प्रकारांनी त्रास देते. एक म्हणजे मोठी गोळी त्या अरुंद जागी आडवी बसते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ साली जेनेरिक गोळ्यांच्या आकाराबद्दल कंपन्यांना सूचना दिल्या, त्यांत गोळीची सर्वात लांब बाजू २२ मिमीपेक्षा मोठी नसावी असं म्हटलं आहे. ही मर्यादा धडधाकट घशासाठी आहे, आवळलेल्या बँडसाठी नाही. दुसरा त्रास कमी दिसतो पण जास्त दुखवतो. गोळी अडकत नाही, नुसती वरच्या पिशवीत रेंगाळते आणि तिथेच अस्तराला चिकटून विरघळते. आम्लासारखं झोंबणारं औषध एकाच जागी बराच वेळ टेकून राहिलं की तिथे जखम होते.

ऑपरेशनच्या आधी: यादी आणि तीन प्रश्न

हे काम ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी उरकावं. नंतर अंगात त्राण नसतं, आणि घरात आलेली औषधं बदलून घ्यायलाही वेळ लागतो.

एका कागदावर तुम्ही घेता त्या प्रत्येक गोष्टीचं नाव लिहा. रोजच्या गोळ्यांबरोबर अधूनमधून लागणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, झोपेची गोळी, गर्भनिरोधक गोळी, व्हिटॅमिन, कॅल्शियम, पोट साफ होण्याचं चूर्ण, जडीबुटीची कॅप्सूल, काहीच सोडू नका. नावापुढे मिलिग्रॅम, वेळ आणि औषध कशासाठी आहे ते लिहा. स्ट्रिपवरचं नाव जसंच्या तसं उतरवून घ्या, कारण नावाच्या शेपटीला लागलेली अक्षरंच पुढे सगळ्यात कामाची ठरतात. फार्मासिस्टकडे जाताना यादीसोबत स्ट्रिपही न्या. गोळी केवढी आहे ते कागदावरून कळत नाही.

मग प्रत्येक औषधाबद्दल तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने.

पहिला: ऑपरेशननंतर हे औषध लागणार आहे का? काही गोळ्या त्या आठवड्यातच बंद किंवा कमी कराव्या लागतात. साखरेची डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही औषधं ऑपरेशनच्या निदान ३ दिवस आधी थांबवतात आणि अर्टुग्लिफ्लोझिन ४ दिवस आधी. उपास आणि पातळ आहाराच्या काळात ती चालू राहिली तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा जीवघेणा प्रकार, होऊ शकतो.

दुसरा: हेच औषध दुसऱ्या रूपात मिळतं का? सिरप, पाण्यात विरघळणारी गोळी, जिभेवर विरघळणारी गोळी, चावून खायची गोळी, पॅच, इंजेक्शन, सपोझिटरी (गुदद्वारातून घ्यायची गोळी). किंवा त्याच ताकदीच्या एका मोठ्या गोळीऐवजी दोन लहान गोळ्या? हा शेवटचा उपाय फार साधा आहे, म्हणूनच बहुधा कुणाला सुचत नाही. मेटफॉर्मिन १००० मिग्रॅची गोळी अंगठ्याच्या नखाहून लांब भरते. त्याऐवजी साध्या ५०० मिग्रॅच्या दोन गोळ्या थोड्या अंतराने घेता येतात.

तिसरा: दुसरं रूप नसेलच तर ही गोळी तोडता येते का, कुटता येते का? तोडणं आणि कुटणं यांची परवानगी वेगवेगळी असते. एकीला हो म्हटलं म्हणजे दुसरीला हो झालं असं नाही.

उत्तरं त्याच कागदावर, औषधाच्या नावासमोर लिहून घ्या.

कुटायच्या नसलेल्या गोळ्या

अडकलेली गोळी दोन-चार तास छळते. चुकीची गोळी कुटून घेतली तर दिवसभराचं औषध अर्ध्या तासात रक्तात उतरू शकतं. माझ्या मते बँडच्या रुग्णाला यातला दुसरा धोका आधी समजावून सांगायला हवा. प्रत्यक्षात पहिल्याचीच चर्चा होते.

हळूहळू औषध सोडणाऱ्या गोळ्या यांत सर्वात महत्त्वाच्या. नावाच्या शेवटी एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एक्सएल, एलए, एमआर, पीआर असं काही असेल तर गोळी या जातीची आहे असं समजा. ओडी हे अक्षर ‘दिवसातून एकदा’ या अर्थानेही छापतात, त्यामुळे ते दिसलं तर विचारूनच घ्या. अशा गोळीत १२ किंवा २४ तास पुरेल एवढं औषध एकत्र भरलेलं असतं आणि गोळीची रचना ते थोडं थोडं सोडते. कुटली की ती रचना मोडते. मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, ट्रामाडोल यांच्या अशा गोळ्या कुटून घेतल्याने श्वास मंदावून माणूस दगावू शकतो. रक्तदाबाच्या निफेडिपिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम यांच्या लांबवलेल्या गोळ्या कुटल्या तर दाब एकदम कोसळतो, आणि रात्री औषधाचा असर संपलेला असल्याने पुन्हा चढतो.

यावर उपाय म्हणजे त्याच औषधाची साधी, लगेच विरघळणारी गोळी. ती दिवसातून दोन-तीन वेळा घ्यावी लागेल, पण कुटता येईल. बदल करताना डोस नव्याने मांडावा लागतो, म्हणून तो डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवा. अपवादही आहेत. मेटोप्रोलॉल सक्सिनेटची लांबवलेली गोळी मधल्या रेषेवर अर्धी तोडायला हरकत नसते, पण ती चावायची किंवा कुटायची नाही. निफेडिपिनच्या काही गोळ्यांचं बाहेरचं कवच विरघळतच नाही, औषध संपल्यावर ते रिकामं कवच शौचावाटे बाहेर पडतं. अरुंद वाटेत असं न विरघळणारं कवच नकोच. अशी गोळी अख्खी गिळणंही टाळावं, औषधच बदलून घ्यावं.

दुसरा गट आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या, म्हणजे एंटेरिक कोटिंगच्या गोळ्यांचा. कोटिंगचं काम दोनपैकी एक असतं: जठरातल्या आम्लापासून औषधाला वाचवणं किंवा औषधापासून जठराला वाचवणं. पँटोप्राझोलची गोळी कुटली तर आम्ल ते औषध निकामी करतं, म्हणजे गोळी घेतल्याचा उपयोग होत नाही. डायक्लोफेनॅक किंवा कोटिंगची अॅस्पिरिन कुटली तर ज्या अस्तराला सांभाळायचं तिथेच औषध थेट लागतं. आम्लासाठी ओमेप्राझोलची कॅप्सूल बरी पडते. ती उघडून आतले बारीक दाणे फळाच्या मऊ गरावर टाकून न चावता गिळता येतात. दाणे मात्र कुटायचे नाहीत, कोटिंग त्या दाण्यांवरच असतं.

कॅप्सूल उघडण्याबद्दलही तेवढीच सावधगिरी. रक्त पातळ ठेवणारं डॅबिगाट्रान कॅप्सूलमधून काढून घेतलं तर ते सुमारे ७५ टक्के जास्त शोषलं जातं, आणि रक्तस्राव होण्याची भीती असते. त्याच कामासाठीची अॅपिक्साबान आणि रिव्हारोक्साबान कुटता येतात, त्यामुळे बँडच्या रुग्णासाठी डॉक्टर त्यांचा विचार करू शकतात. रिव्हारोक्साबानचा १५ आणि २० मिग्रॅचा डोस जेवणासोबत घ्यावा लागतो, हे मात्र लक्षात ठेवा. तोंडाने घ्यायची सेमाग्लुटाइडची गोळी तोडायची नाही, कुटायची नाही आणि चावायची नाही. ती रिकाम्या पोटी, जास्तीत जास्त १२० मिली पाण्याबरोबर, बाकी काही खाण्यापिण्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची असते. सेव्हेलॅमरची गोळी पाण्याने फुगते, म्हणून ती ना कुटावी ना तोडावी. अरुंद वाटेत फुगणारी गोळी अख्खी गिळणंही शहाणपणाचं नाही, तेव्हा दुसऱ्या रूपाबद्दल विचारा.

काही गोळ्या कुटणाऱ्याच्या अंगाला बाधतात. मेथोट्रेक्सेट आणि कर्करोगावरची इतर औषधं घरी कुटू नयेत. फिनास्टेराइडची मोडलेली किंवा कुटलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये. घरात औषध तयार करून देण्याचं काम सून किंवा मुलगी करत असेल तर तिला हे आधी सांगा.

कुटायची परवानगी असेल तर

एका वेळी एकच गोळी. सगळ्या गोळ्या एकत्र कुटून ‘मिक्स्चर’ करण्याचा मोह आवरा. औषधं एकमेकांशी क्रिया करू शकतात, आणि अर्धं सांडलं तर नेमकं काय सांडलं ते कळायला मार्ग नाही.

गोळी कुटायचं छोटं यंत्र मिळतं, नसल्यास लहान खलबत्ता चालेल, पण तो औषधांसाठी वेगळा ठेवा. आधी गोळीवर दोन थेंब पाणी टाकून मिनिटभर थांबलं तर पूड उडत नाही. अगदी बारीक पूड करा, खडे राहिले तर कुटण्याचा हेतूच संपला. वाटीत २० ते ३० मिली पाणी घेऊन त्यात पूड ढवळा, लगेच प्या. मग त्याच वाटीत आणि खलात पुन्हा चमचाभर पाणी फिरवून तेही प्या. लहान डोसच्या गोळीचा बराचसा भाग भांड्याला चिकटून राहतो, म्हणून हे धुतलेलं पाणी टाकून देऊ नका. थायरॉइडच्या लिव्होथायरॉक्सिनसारख्या मायक्रोग्रॅममधल्या औषधात हा फरक मोठा ठरतो. खरं तर ती गोळी इतकी लहान असते की सुरुवातीचे आठवडे सरल्यावर बहुतेकांना ती कुटावी लागत नाही.

चव कडू लागली तर थोड्याशा मऊ पदार्थात मिसळा. थोड्याशाच. वाटीभर पदार्थात मिसळलं आणि चार घासांत पोट भरलं तर औषध वाटीतच राहिलं. गरम पेयात मिसळू नका. आठवड्याच्या गोळ्या एकदम कुटून डब्या भरून ठेवू नका, हवा आणि दमट वातावरणाने पूड लवकर बिघडते.

तोडायची असेल तर गोळी तोडायचं यंत्र वापरा आणि फक्त मधल्या रेषेवर तोडा. चार तुकडे सारखे होत नाहीत.

पातळ औषधं

सिरप सोयीचं असतं, पण दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. मोजायला तोंडाने औषध द्यायची सिरिंज किंवा औषधासोबत आलेलं माप वापरा. घरातला चमचा कधी ३ मिलीचा असतो, कधी ७ मिलीचा. साखरेचं प्रमाण विचारा. शुगर-फ्री सिरपमध्ये अनेकदा सॉर्बिटॉल असतं, आणि दिवसभरात तीन-चार सिरप घेतली तर त्याने जुलाब होतात. औषधाने पोट बिघडलं असं वाटून माणूस औषधच सोडतो, दोषी मात्र गोडवा असतो.

गोळीचे मिलिग्रॅम आणि सिरपचे मिलिग्रॅम नेहमी एकास एक नसतात. फिट्सच्या औषधाचं उदाहरण घ्या: १०० मिग्रॅ फेनिटोइन सोडियममध्ये खरं फेनिटोइन साधारण ९० मिग्रॅ असतं, तर सिरपवरचा आकडा थेट फेनिटोइनचा असतो. या औषधाच्या डोसमध्ये थोडा फरकही चालत नाही, म्हणून गोळीवरून सिरपवर जाताना रक्तातली पातळी तपासून घ्यावी लागते. शिवाय औषध तळाशी बसतं, बाटली दर वेळी नीट हलवली नाही तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे दाट होतात.

फसफसणाऱ्या गोळ्या बँडवाल्यांना सुचवल्या जातात खऱ्या, पण वायूने वरची पिशवी ताणली जाते आणि दुखतं. घ्यायच्याच असतील तर पूर्ण फसफस निवेपर्यंत थांबा, ढवळून वायू जाऊ द्या. त्यांत सोडियम भरपूर असतं, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर रोज नकोत.

रोज घेताना

पहिले काही आठवडे ऑपरेशनच्या जागी सूज असते. त्या काळात पातळ किंवा कुटलेलंच औषध. नंतर अख्ख्या गोळ्या कधी सुरू करायच्या ते तुमचे सर्जन सांगतील. सुरू करताना सर्वात लहान गोळीपासून करा आणि एका दिवसात एकच नवीन प्रयोग करा.

बसून किंवा उभं राहून घ्या. आधी एक घोट पाणी, मग गोळी, मग दोन-तीन छोटे घोट. एका दमात ग्लासभर पाणी ओतून गोळी ‘ढकलायची’ सवय सोडावी लागते, कारण ढकलायला वरची पिशवी आहे तीन ते सहा चमच्यांची. दोन गोळ्यांमध्ये ५ ते १० मिनिटं जाऊ द्या. कॅप्सूल पाण्यावर तरंगते, म्हणून ती गिळताना हनुवटी किंचित छातीकडे झुकवली तर घशातून सहज उतरते. खाली बँडपाशी काय होईल त्यावर मात्र या युक्तीचा काही परिणाम नाही. गोळी घेतल्यावर अर्धा तास आडवं होऊ नका. झोपेची गोळी उशाशी ठेवून दिवा मालवता मालवता गिळणाऱ्यांना हे अवघड जातं, पण ती वेळ अर्धा तास आधी आणायलाच हवी.

जेवणाबरोबर पाणी प्यायचं नाही हा नियम आणि ‘जेवणानंतर घ्या’ ही चिठ्ठीवरची सूचना यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न जवळपास प्रत्येकाला पडतो. आधी फार्मासिस्टला विचारा की जेवण कशासाठी हवं आहे. बऱ्याच औषधांत ते फक्त मळमळ टाळायला असतं. मेटफॉर्मिनसारख्या औषधाच्या बाबतीत जेवणाच्या सुरुवातीला, पहिल्या एक-दोन घासांबरोबर पूड किंवा सिरप घेतलं की काम भागतं. पोट गच्च भरल्यावर वरून गोळी टाकणं सर्वात वाईट: वाट अन्नाने व्यापलेली असते आणि गोळी त्याच्या डोक्यावर बसून राहते.

पुष्कळ रुग्णांना सकाळी उठल्यावर बँड जास्त आवळल्यासारखा वाटतो. पाळीच्या दिवसांत, विमानप्रवासात, ताणाखालीही तसं होतं. सकाळी आधी कोमट पाण्याचे घोट घेऊन बघा. पाणी सहज उतरत नसेल तर गोळी तोंडात टाकू नका. एखादी गोळी रोज सकाळीच अडकत असेल तर ती दुपारी किंवा संध्याकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा, बऱ्याच औषधांना ते चालतं.

थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी, आणि कॅल्शियम व लोहापासून ४ तास दूर. कॅल्शियम आणि लोह यांच्यातही २ तासांचं अंतर. बँडनंतर कॅल्शियम दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिग्रॅ सुचवलं जातं, पण एका वेळी ५०० ते ६०० मिग्रॅपेक्षा जास्त नीट शोषलं जात नाही, त्यामुळे ते विभागून घ्यावं लागतं. कॅल्शियमच्या अख्ख्या गोळ्या फार मोठ्या असतात. चावून खायच्या किंवा पातळ घ्या. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालू असताना कॅल्शियम, लोह त्यांच्या जवळपासही घेऊ नका, अँटिबायोटिक पोटातच बांधलं जातं.

आतून जखम करणारी औषधं

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन आणि त्यांच्या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या बँडवाल्यांनी शक्यतो टाळाव्यात. त्या पेशींच्या पातळीवर जठराचं संरक्षण कमी करतात, म्हणून इंजेक्शन किंवा सपोझिटरीने घेतल्या तरी व्रणाचा धोका पूर्ण जात नाही. बँडला लागून व्रण झाला तर पट्टा जठराच्या भिंतीत रुतण्याची भीती असते. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल पातळ रूपात घ्या, दिवसाची मर्यादा न ओलांडता. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन मिसळलेलं असतं, पाकिटावरची यादी वाचायची सवय ठेवा. हृदयासाठी कमी डोसची अॅस्पिरिन चालू असेल, विशेषतः स्टेंट बसवलेला असेल, तर हे वाचून ती स्वतःहून बंद करू नका. हृदयाच्या डॉक्टरांनी आणि सर्जननी एकत्र ठरवायची ती गोष्ट आहे.

हाडांसाठी आठवड्याला एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची ७० मिग्रॅची गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास सरळ बसायला सांगतात, ते अन्ननलिका भाजू नये म्हणून. बँडवाल्याला ग्लासभर पाणी एकदम जात नाही आणि गोळी वर रेंगाळण्याची शक्यता दांडगी. यापेक्षा वर्षातून एकदा शिरेतून दिलं जाणारं झोलेड्रोनिक अॅसिड अनेकांना सोयीचं पडतं. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल, लोहाच्या गोळ्या, पोटॅशियम क्लोराइडच्या गोळ्या याही अस्तर जाळतात. पोटॅशियमची घट्ट गोळी तर जिथे अन्नमार्गात अडथळा आहे तिथे देऊच नये असं तिच्या माहितीपत्रकातच असतं. पातळ पोटॅशियम भरपूर पाण्यात मिसळून, घोट घोट घ्यावं.

इसबगोल आणि तसली पाण्याने फुगणारी चूर्णं औषध म्हणून कुणी मोजत नाही. थोड्या पाण्याबरोबर घेतलं की ते वरच्या पिशवीतच फुगून लगदा होतो. बद्धकोष्ठासाठी लॅक्टुलोज किंवा मॅक्रोगॉलबद्दल विचारा.

वजन उतरतं तसे डोस

गोळ्या नीट उतरू लागल्या की माणूस निश्चिंत होतो, आणि नेमके तेव्हाच जुने डोस जास्त ठरू लागतात. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड यांसारख्या गोळ्या पातळ आहाराच्या पहिल्याच आठवड्यात साखर धोक्याच्या पातळीखाली नेऊ शकतात. यांचा डोस ऑपरेशनआधीच ठरवून ठेवा आणि घरी साखर तपासत राहा. रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर दाब मोजून डॉक्टरांना कळवा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांकडे खास लक्ष हवं, कारण पाणी कमी जात असतं. लिथियम घेणाऱ्यांनी तर उलट्या किंवा कमी पाण्याच्या दिवसांत वाटच पाहू नये, पातळी विषारी होऊ शकते. वॉर्फरिन चालू असेल तर खाणं बदलल्याने आयएनआर (रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा तपासणीतला आकडा) हलतो, तपासण्या जवळजवळ घ्याव्या लागतात. मनाच्या आजाराची औषधं मात्र बरं वाटतंय म्हणून आपल्या आपण थांबवू नका.

गोळी अडकली तर

छातीच्या मध्यभागी दाब, तोंडाला सुटलेलं घट्ट लाळेसारखं पाणी, उचकी, वर येणारा फेस: ही खूण. लगेच खाणं-पिणं थांबवा. पाण्याने ढकलू नका, वर साचलेलं पाणी त्रास वाढवतं. घशात बोटं घालून उलटी काढू नका, जोराच्या उलट्यांनी बँड सरकू शकतो. उठून शांतपणे फेऱ्या मारा, लाळ थुंकून टाका. बहुतेक गोळ्या हळूहळू विरघळून किंवा सरकून उतरतात. अडकलेलं मांस मऊ करायला एन्झाइमची पावडर घ्या असा सल्ला कुठे कुठे दिला जातो. गोळीवर तिचा उपयोग नाही आणि अन्ननलिकेला इजा होते.

स्वतःची थुंकीही गिळता येत नसेल, काही तासांनी पाण्याचा घोटही उतरत नसेल, उलटीत रक्त असेल किंवा पोटात जोराची कळ असेल, तर सर्जनच्या टीमला कळवा. पोर्टमधून सलाइन काढून बँड सैल करणं हे त्यांच्यासाठी काही मिनिटांचं काम असतं. छातीतलं दुखणं हात, जबडा किंवा पाठीकडे जात असेल, घाम फुटला असेल किंवा दम लागत असेल तर बँडला दोष देत बसू नका, थेट आपत्कालीन विभाग गाठा.

गोळी सुटल्यावर दिवसभर पातळच घ्या, जागा सुजलेली असते. आणि तो डोस पुन्हा घ्यायचा का? उलटीत अख्खी गोळी दिसली तर फार्मासिस्टला विचारून घेता येईल. दिसली नाही तर अंदाजाने दुसरी घेऊ नका, विशेषतः रक्त पातळ करणारी, साखरेची, हृदयाची किंवा गुंगीची गोळी असेल तर. गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर २ ते ३ तासांत उलटी झाली तर ती चुकलेली गोळी धरतात. वजन उतरताना गर्भ राहण्याची शक्यता वाढते, आणि ऑपरेशननंतर सहसा १२ ते १८ महिने गर्भधारणा पुढे ढकलायला सांगतात, तेव्हा गोळीवर विसंबण्यापेक्षा दुसरा उपाय निवडलेला बरा.

उलट्या दिवसामागून दिवस चालूच राहिल्या तर प्रश्न गोळ्यांपुरता उरत नाही. शरीरातला थायमिनचा (व्हिटॅमिन बी१) साठा फार कमी दिवसांचा असतो, तो संपला की चालताना तोल जाणं, दुहेरी दिसणं, गोंधळल्यासारखं होणं अशी मेंदूची लक्षणं येतात. अशा वेळी उशीर परवडत नाही.

सलाइन भरल्यावर, आणि नवीन डॉक्टरांकडे

बँड आवळून घेतल्यावर १ ते २ दिवस पातळ आहार सांगतात. गोळ्यांनाही तोच नियम लावा. ज्या गोळ्या गेल्या महिन्यात अख्ख्या उतरत होत्या त्या आता उतरतीलच असं नाही, पुन्हा लहानीपासून सुरुवात करा. तीन-चार सिरप, पूड करता येतील अशा गोळ्या यांचा आठवडाभराचा साठा घरात असला की या दिवसांत धावपळ होत नाही.

अमेरिकेत २००१ साली या बँडला मान्यता मिळाल्यावर काही वर्षं तो खूप बसवला गेला. पुढे स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं ऑपरेशन) आणि बायपास यांनी त्याला मागे टाकलं. त्यामुळे आजचे तरुण डॉक्टर आणि दंतवैद्य यांनी बँडचा रुग्ण क्वचितच पाहिलेला असतो. चिठ्ठी लिहून होण्याआधीच सांगा: ‘मला जठराचा बँड आहे, मोठ्या गोळ्या उतरत नाहीत, आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या चालत नाहीत.’ दात काढल्यावर नेमक्या त्याच गोळ्या हातात पडतात. यादीचा फोटो फोनमध्ये असू द्या.

बँड काढून स्लीव्ह किंवा बायपास करायचं ठरलं तर ही सगळी उत्तरं रद्द समजा. बायपासनंतर शोषण बदलतं, लांबवलेल्या गोळ्यांचा भरवसा कमी होतो आणि वेदनाशामकांबद्दलची मनाई आणखी कडक होते. त्या ऑपरेशनच्या आधीच्या भेटीला जुनी यादी घेऊन जा आणि प्रत्येक औषधापुढचे तिन्ही प्रश्न नव्याने विचारून घ्या.